मांडवी नदीवरील सायंकालीन नौकाविहार

मांडवी नदीवरील सायंकालीन नौकाविहार ही गोव्याची राजधानी पणजी येथे मांडवी नदीच्या पात्रात सूर्यास्ताच्या सुमारास व त्यानंतर चालणारी पर्यटकांसाठीची नौकासहल होय. मांडवी पुलाजवळच्या सांता मोनिका धक्क्यावरून नौका निघते, नदीच्या मुखाच्या दिशेने जाते आणि त्याच धक्क्यावर परत येते. प्रवासात गोमंतकीय लोकनृत्ये व संगीत सादर केले जाते. काही फेऱ्यांत रात्रीचे भोजनही असते. बोलीभाषेत या सहलीला ‘बोट क्रूझ’ किंवा ‘रिव्हर क्रूझ’ म्हणतात. महाराष्ट्रातून गोव्याला जाणाऱ्या कौटुंबिक सहलींत ती एक नेहमीची गोष्ट झाली आहे.

वरकरणी केवळ करमणुकीचा वाटणारा हा उपक्रम नदीच्या प्रकृतीवर अवलंबून आहे. वर्षभर पाणी, पुरेशी खोली आणि लाटांपासून आडोसा या तिन्ही गोष्टी एकत्र असल्याशिवाय शहराच्या मधोमध मोठी प्रवासी नौका फिरवता येत नाही. मांडवीच्या मुखाजवळ त्या निसर्गतःच मिळतात. दख्खनच्या पठारावरील बहुतेक नद्यांत त्या मिळत नाहीत. दुसरीकडे, ज्या काही किलोमीटरच्या पात्रात हा विहार चालतो त्याच पात्रात फेरीबोटी, मासेमारीच्या होड्या, खनिजवाहू बार्ज आणि तरती कॅसिनोही असतात. त्यामुळे एकच नदी कोणी, कशासाठी व किती वापरायची, हा प्रश्न या विषयाशी जोडलेला आहे.

## नदी व भौगोलिक परिस्थिती

मांडवी नदी कर्नाटकाच्या बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात, भीमगडच्या जंगलपट्ट्यात उगम पावते. वरच्या भागात तिला म्हादई असे म्हणतात. सत्तरी तालुक्यातून ती गोव्यात प्रवेश करते आणि पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते. तिची एकूण लांबी सुमारे ८० कि.मी. आहे. खांडेपार आणि वाळवंटी या तिच्या महत्त्वाच्या उपनद्या होत. प्रसिद्ध दूधसागर धबधबा खांडेपारच्या वरच्या प्रवाहावर आहे. कुंभारजुवे कालवा मांडवीला दक्षिणेकडील जुवारी नदीशी जोडतो.

नदीचा खालचा भाग ही वस्तुतः खाडी आहे. भरतीचे पाणी मुखापासून सुमारे ५० कि.मी. आतपर्यंत, गांजे गावाच्या परिसरापर्यंत, चढते. उधाणाच्या दिवसांत भरती व ओहोटी यांच्या पातळीत दोन मीटरच्या आसपास फरक पडतो. पावसाळ्याचे चार महिने नदीत गोड्या पाण्याचा लोंढा असतो. उरलेल्या आठ महिन्यांत वरून येणारा प्रवाह क्षीण होतो आणि पात्र मुख्यतः समुद्राच्या पाण्यावर भरलेले राहते. म्हणूनच एप्रिल-मे महिन्यांत, गोव्यातील विहिरींचे पाणी खाली गेलेले असतानाही, पणजीसमोरची मांडवी काठोकाठ दिसते. पर्यटकाला दिसणारे हे विस्तीर्ण पाणी उन्हाळ्यात खारे असते.

पणजीसमोर पात्राची रुंदी अर्ध्या किलोमीटरहून अधिक आहे. मुखाशी ते रुंद होत जाऊन आग्वादचा उपसागर तयार होतो. उत्तरेकडे आग्वादचे आणि दक्षिणेकडे राजभवन असलेले काबोचे भूशिर आहे. या दोन टोकांमुळे आतले पाणी समुद्राच्या तुलनेने शांत राहते. मुखाशी मात्र वाळूचा दांडा आहे. पावसाळ्यात तेथे लाटा फुटतात आणि जहाजांना ये-जा करणे धोक्याचे होते. अशा दिवसांत खनिजवाहू बार्ज मांडवीच्या मुखातून बाहेर न पडता कुंभारजुवे कालव्यातून जुवारीत उतरत आणि मुरगाव बंदर गाठत. पर्यटक नौकाही याच कारणाने मुखाच्या अलीकडूनच मागे वळतात.

## इतिहास

### जलमार्ग म्हणून मांडवी

मांडवी हा पर्यटनाच्या कितीतरी आधीपासून गोव्याचा राजमार्ग होता. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी याच नदीतून येऊन आदिलशाहीकडून गोवा बेट घेतले. नदीकाठचे जुने गोवे ही त्यांची राजधानी झाली. नवा व्हाइसरॉय जहाजातून उतरून ज्या कमानीखालून शहरात प्रवेश करी, ती कमान आजही तेथील धक्क्याजवळ उभी आहे. रोगराईमुळे जुने गोवे ओस पडू लागल्यावर व्हाइसरॉयचे निवासस्थान १७५९ मध्ये पणजीतील आदिलशहाच्या वाड्यात हलवण्यात आले. १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली.

मराठी वाचकांच्या मागील पिढ्यांना मांडवी परिचित होती ती आगबोटीमुळे. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघालेल्या बोटी कोकण किनाऱ्यावरील बंदरे घेत पणजीपर्यंत येत. रस्ते सुधारले आणि पुढे कोकण रेल्वे झाली, तशी ही वाहतूक मागे पडली. रात्रभराच्या प्रवासानंतर पहाटे आग्वादचे दीपगृह आणि मग नदीकाठचे पणजी शहर दिसणे, हे त्या प्रवासाचे वैशिष्ट्य होते. आजचा नौकाविहार त्याच मार्गाच्या शेवटच्या टप्प्यात, उलट दिशेने चालतो.

नदीचे महत्त्व एका दुर्घटनेने पुन्हा अधोरेखित केले. मांडवीवरील पहिला मोठा पूल, नेहरू सेतू, ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. पणजी व उत्तर गोवा यांमधील वाहतूक पुन्हा फेरीबोटींवर आली. पुढे दोन नवे पूल झाले. तिसऱ्या, ५.१ कि.मी. लांबीच्या अटल सेतूचे उद्घाटन २७ जानेवारी २०१९ रोजी झाले. तो तारांच्या आधारावर पेललेला असून रात्रीची त्याची रोषणाई नौकाविहारातील लक्षवेधी दृश्य ठरली आहे.

### लोकपरंपरेतील नौकोत्सव

सजवलेल्या होडीत बसून गाणी म्हणत नदीवर फिरणे गोव्याला पर्यटनाने शिकवले नाही. कुंभारजुवे येथे गणेशोत्सवात ‘सांगोड’ साजरा होतो. दोन होड्या जोडून त्यांवर देखावे उभारले जातात आणि गणेशमूर्तींचे विसर्जन होते. साखळीजवळील विठ्ठलापूर येथे त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री वाळवंटी नदीत दिव्यांनी सजवलेल्या छोट्या नौका सोडल्या जातात. बार्देशातील शिवोली येथे जून महिन्यात सांजांवाच्या सणाला सजवलेल्या होड्यांची मिरवणूक निघते. या उत्सवांत गावकरी स्वतः सहभागी असतात. पर्यटक नौकेवर प्रवासी प्रामुख्याने प्रेक्षक असतो, हा दोहोंतील मुख्य भेद होय.

### पर्यटनाचा काळ

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यानंतर पर्यटन हळूहळू वाढू लागले. १९८२ मध्ये गोवा पर्यटन विकास महामंडळाची स्थापना झाली. महामंडळाच्या ‘सांता मोनिका’ आणि ‘शांतादुर्गा’ या नौकांमुळे मांडवीवरील सायंकालीन फेरीला निश्चित रूप आले. पुढे खासगी व्यावसायिकांच्या मोठ्या नौका आल्या. आज सायंकाळी एकाच सुमारास अनेक नौका धक्क्यावरून निघताना दिसतात.

## फेरीचे प्रकार

सायंकालीन फेऱ्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत.

* सूर्यास्त फेरी – सुमारे एक तासाची. डिसेंबरात पणजीत सूर्य सहाच्या सुमारास, तर मे महिन्यात सातच्या सुमारास मावळतो. त्यानुसार या फेरीचा अनुभव बदलतो. नौका पश्चिमेकडे तोंड करून जात असल्याने मावळता सूर्य समोर येतो.
* सांज फेरी – सूर्यास्तानंतर निघणारी, तेवढ्याच कालावधीची. हिच्यात निसर्गदृश्यापेक्षा शहराच्या व पुलाच्या दिव्यांना महत्त्व असते.
* भोजन फेरी – सुमारे दोन तासांची. नृत्यसंगीताबरोबर जेवणाचा समावेश असतो. ही फेरी दररोज असेलच असे नाही.

यांखेरीज दिवसा पुलांखालून वरच्या अंगाला जुने गोवे, चोडण व दिवाडी बेटांकडे जाणाऱ्या सहलीही निघतात. त्यांचे स्वरूप वेगळे असून त्यांत पक्षी व खारफुटीचे वन पाहण्यावर भर असतो. ऐन पावसाळ्यात हवामान पाहून फेरीचा मार्ग आखूड केला जातो किंवा फेरी रद्द होते.

## मार्ग व दिसणारी स्थळे

नौका धक्क्यावरून पश्चिमेकडे निघाली की डाव्या हाताला पणजी शहर आणि उजव्या हाताला बार्देश तालुक्याचा किनारा राहतो.

डावा, म्हणजे दक्षिण काठ: प्रथम आदिलशहाचा वाडा दिसतो. ही इमारत पोर्तुगीज काळात व नंतरही सचिवालय म्हणून वापरात होती. राज्याची विधानसभाही पर्वरीला जाईपर्यंत येथेच भरत असे. त्यापुढे बंदर कप्तान खात्याचा धक्का, कांपालचा वृक्षाच्छादित परिसर आणि वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी रचलेली कला अकादमी ही स्थळे येतात. २००४ पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव याच परिसरात भरतो. शेवटी मिरामारचा वाळूचा किनारा दिसतो.

उजवा, म्हणजे उत्तर काठ: समोरच बेतीचा धक्का आहे. पणजी ते बेती ही फेरीबोट शासनाच्या नदी परिवहन खात्याकडून चालवली जाते आणि पादचाऱ्यांसाठी ती दीर्घकाळ विनामूल्य राहिली आहे. पुढे टेकडीवर रेईश मागूशचा किल्ला दिसतो. १५५१ मध्ये बांधकाम सुरू झालेल्या या किल्ल्याचे पुनरुज्जीवन करून तो २०१२ मध्ये सांस्कृतिक केंद्र म्हणून खुला झाला. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांची चित्रे तेथे मांडलेली आहेत. अगदी टोकाला आग्वादचा किल्ला येतो. त्याचे बांधकाम १६१२ मध्ये पूर्ण झाले. ‘आग्वाद’ या नावाचा संबंध पाण्याशी आहे. दूरवरून आलेली जहाजे येथील झऱ्यांचे व टाक्यांचे गोडे पाणी भरून घेत.

धक्क्याच्या मागे, पुलांच्या पलीकडे पणजी व रायबंदर यांना जोडणारा, सुमारे तीन किलोमीटर लांबीचा जांभ्या दगडाचा जुना बांधरस्ता आहे. व्हाइसरॉय कोंदे द लिन्यारिश यांच्या काळात, १६३३-३४ मध्ये, तो बांधला गेला. रायबंदरहून चोडण बेटाला फेरीबोटीने जाता येते. बेटाच्या पश्चिम टोकाला १७८ हेक्टरांचे सलीम अली पक्षी अभयारण्य आहे.

## नृत्य व संगीत

नौकेच्या वरच्या डेकवर छोटा रंगमंच असतो. निवेदक प्रामुख्याने हिंदी व इंग्रजीत बोलतो. गोमंतकीय नृत्यांच्या अध्येमध्ये हिंदी चित्रपटगीते वाजवली जातात आणि मुले, दांपत्ये व मित्रमंडळींचे गट यांना आळीपाळीने नाचायला बोलावले जाते. सादर होणाऱ्या कलाप्रकारांपैकी प्रमुख पुढीलप्रमाणे आहेत.

* देखणी – भारतीय व पाश्चात्त्य स्वररचनांच्या संगमातून निर्माण झालेले कोकणी गीतनृत्य. तिच्यातील सर्वांत प्रसिद्ध गीत नदीशीच निगडित आहे: पलीकडच्या गावी दामूच्या लग्नाला निघालेली कलावंतीण नावाड्याला पैलतीरी नेण्याची विनवणी करते आणि त्याला आपले दागिने देऊ करते. ‘बॉबी’ (१९७३) या हिंदी चित्रपटातील एका गीतात या देखणीचा वापर झाल्याने तिची चाल देशभर पोहोचली.
* मांडो व दुलपद – एकोणिसाव्या शतकात गोव्यातील ख्रिस्ती घराण्यांत विकसित झालेले प्रकार. मांडो संथ व विरहभावाचा, तर त्यामागून येणारे दुलपद द्रुत लयीचे असते.
* फुगडी व धालो – स्त्रियांची नृत्ये. धालो मूळचे पौष महिन्यातील रात्री, अंगणातील ‘मांडा’वर होतात.
* कुणबी नृत्य – गोव्यातील कुणबी समाजाचे नृत्य. आखूड नेसलेली चौकड्यांची साडी ही त्याची ओळख.
* कोरिदिन्यु – पोर्तुगालमधून आलेले, जोडीने करण्याचे जलद लयीचे नृत्य.

साथीला घुमट हे वाद्य असते किंवा त्याचा ध्वनिमुद्रित ठेका असतो. मातीच्या मडक्याच्या तोंडावर कातडे ताणून घुमट तयार करतात. पूर्वी त्यासाठी घोरपडीचे कातडे वापरीत. घोरपडीला वन्यजीव संरक्षण कायद्याचे (१९७२) संरक्षण मिळाल्यानंतर बोकडाचे कातडे वापरले जाऊ लागले. गोवा शासनाने २०१९ मध्ये घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली.

या सादरीकरणाबद्दल दोन मते आढळतात. अंगणात रात्रभर चालणारे धालो किंवा सावकाश फुलणारा मांडो काही मिनिटांत आटोपल्याने कलेचा केवळ सांगाडा उरतो, असा आक्षेप घेतला जातो. दुसऱ्या मतानुसार या नौकांमुळे नर्तक व वादकांना वर्षाचे बरेच महिने नियमित काम मिळते आणि परप्रांतीय प्रेक्षकाला या कलांची निदान तोंडओळख होते. दोन्ही मतांत तथ्य आहे. धालो समजून घ्यायचे असतील तर ते पौषात गावीच पाहावे लागतात.

## भोजन

भोजन फेरीतील जेवण बहुधा बुफे पद्धतीचे असते. शाकाहारी व मांसाहारी पदार्थ वेगळे मांडलेले असतात. परप्रांतीय प्रवाशांची संख्या मोठी असल्याने उत्तर भारतीय धाटणीचे पदार्थ आवर्जून असतात. गोमंतकीय पदार्थांत माशाचे हुमण, शागुती, रव्यात घोळून तळलेली माशांची कापे, शाकाहारात खतखते आणि गोडात बेबिंका यांचा समावेश होतो. मात्र प्रत्येक नौकेवर व प्रत्येक दिवशी हे सर्व पदार्थ मिळतातच असे नाही.

## सुरक्षितता व कायदा

अंतर्देशीय जलवाहतुकीसाठी भारतात १९१७ चा कायदा लागू होता. त्याची जागा २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्याने घेतली. नौकेची नोंदणी, ठरावीक काळाने तपासणी, चालक व खलाशांची पात्रता, विमा आणि जीवरक्षक साधने या बाबी या कायद्याच्या कक्षेत येतात. गोव्यात याची अंमलबजावणी बंदर कप्तान खाते करते. मांडवीचा उसगाव पुलापासून समुद्रापर्यंतचा ४१ कि.मी. लांबीचा भाग २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ६८ म्हणून घोषित झाला आहे.

नौकेचा तोल कसा राखला जातो, हे प्रवाशांनी समजून घेणे हिताचे असते. वजन जितके खाली, तितकी नौका स्थिर राहते. रंगमंच वरच्या डेकवर असल्याने प्रवाशांचा भार वर एकवटतो. हीच गर्दी सूर्यास्त किंवा एखादे दृश्य पाहण्यासाठी एका कडेला धावली, तर नौका त्या बाजूला कलते. म्हणून प्रवाशांची कमाल संख्या ठरवून दिलेली असते आणि ती पाळणे अनिवार्य असते.

हा धोका काल्पनिक नाही. ३० सप्टेंबर २००९ रोजी केरळातील थेक्कडी येथे पर्यटक नौका उलटून ४५ जणांचा मृत्यू झाला. काठावरचे प्राणी पाहण्यासाठी प्रवासी एका बाजूला सरकल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. १५ सप्टेंबर २०१९ रोजी आंध्र प्रदेशात कच्चुलूरूजवळ, पूर आलेल्या गोदावरीत पर्यटक नौका बुडून पन्नासच्या आसपास माणसे दगावली. ७ मे २०२३ रोजी केरळातील तानूर येथे संध्याकाळच्या वेळी क्षमतेहून अधिक प्रवासी घेतलेली नौका उलटून २२ जण मरण पावले. त्यांत मुलांची संख्या मोठी होती. महाराष्ट्रात १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली, ती आठवण कोकणात अजून ताजी आहे. या दुर्घटनांतून अतिरिक्त प्रवासी, बिघडलेले हवामान किंवा पूर आणि जीवरक्षक जाकिटांचा अभाव ही कारणे पुनःपुन्हा पुढे आली आहेत.

प्रवाशांनी जाकिटे कोठे ठेवली आहेत हे आधी पाहून घ्यावे, नौका धक्क्याला पूर्ण लागेपर्यंत उठू नये आणि लहान मुलांना कठड्यापासून दूर ठेवावे. भरती-ओहोटीमुळे धक्का व डेक यांच्या उंचीतील अंतर बदलत असल्याने चढताना व उतरताना ज्येष्ठांना हाताचा आधार द्यावा.

## तरती कॅसिनो

नदीत नांगर टाकून उभी असलेली, दिव्यांनी झगमगणारी मोठी जहाजे पाहून अनेक पर्यटक त्यांनाच विहाराच्या नौका समजतात. ती तरती कॅसिनो आहेत. गोवा, दमण व दीव सार्वजनिक जुगार कायद्यात (१९७६) १९९६ साली दुरुस्ती होऊन जहाजांवरील जुगाराला परवानगीची तरतूद करण्यात आली. ‘कारावेला’ हे या प्रकारचे पहिले जहाज होते. पुढे मांडवीतील त्यांची संख्या सहापर्यंत गेली. २१ वर्षांखालील व्यक्तींना तेथे प्रवेश नाही. १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांनाही खेळण्यासाठी प्रवेश बंद करण्यात आला.

ही जहाजे नदीतून अन्यत्र हलवावीत, अशी मागणी पणजीतील नागरिक व संघटनांनी अनेकदा केली आहे. शासनाने मात्र त्यांना मांडवीत राहण्यास वेळोवेळी मुदतवाढ दिली. विरोधाची मुख्य कारणे जुगाराचा सामाजिक परिणाम, काठावरील वाहनांची गर्दी, सांडपाण्याबद्दलची शंका आणि पात्राचा अडलेला भाग ही आहेत. समर्थक परवाना शुल्कातून मिळणारा महसूल व रोजगार यांकडे लक्ष वेधतात. जुलै २०१७ मध्ये ‘लकी सेव्हन’ हे कॅसिनो जहाज खवळलेल्या समुद्रातून नदीत आणले जात असताना मिरामारजवळ वाळूत रुतले. त्यामुळे पावसाळ्यात नदीमुखाशी असलेला धोका पुन्हा चर्चेत आला.

## नदीच्या पाण्याचा प्रश्न

मांडवीच्या खालच्या पात्रात भरतीचे पाणी असले तरी नदीचे आरोग्य वरून येणाऱ्या गोड्या पाण्यावर अवलंबून आहे. गोडे व खारे पाणी यांच्या समतोलावर खारफुटी, मासे, तिसऱ्या व खुबे जगतात. चोडण व दिवाडी बेटांवरील खाजन शेतीही याच समतोलावर उभी आहे. बांध घालून आणि ‘मानस’ नावाच्या झडपांच्या दरवाजांनी खारे पाणी रोखून ही भातशेती केली जाते.

म्हादईच्या पाण्यावरून गोवा, कर्नाटक व महाराष्ट्र यांच्यात वाद आहे. त्यासाठी नोव्हेंबर २०१० मध्ये लवाद नेमला गेला. लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी दिलेल्या निवाड्यात कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ अब्ज घनफूट पाणी वाटून दिले. निवाडा फेब्रुवारी २०२० मध्ये राजपत्रात प्रसिद्ध झाला. त्याविरुद्ध राज्ये सर्वोच्च न्यायालयात गेली आहेत. कळसा-भंडुरा प्रकल्पाद्वारे पाणी मलप्रभेच्या खोऱ्यात वळवल्यास खालच्या भागात खारेपणा वाढेल, अशी गोव्याची भूमिका आहे. उत्तर कर्नाटकातील कोरड्या प्रदेशाला पिण्याच्या पाण्याची निकड आहे, असे कर्नाटकाचे म्हणणे आहे.

नदीवरील दुसरा मोठा भार लोहखनिजाच्या वाहतुकीचा होता. २०१२ मध्ये गोव्यातील खाणकाम थांबले. काही काळाने ते सुरू झाले, पण फेब्रुवारी २०१८ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरले. या घडामोडींमुळे मांडवीतील बार्जची वर्दळ पूर्वीपेक्षा बरीच घटली आणि नदीवरील अर्थव्यवस्थेत पर्यटनाचा वाटा अधिक ठळक झाला.

## इतर नद्यांशी तुलना

शहरातील नदीवर जेवणासह फेरी ही कल्पना जगभर रूढ आहे. पॅरिसमधील सेन नदीवरील ‘बातो मूश’ नौका दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात प्रसिद्ध झाल्या. सेनची पातळी बांध व दरवाजे घालून राखली जाते. बँकॉकची चाओ फ्राया नदी मांडवीप्रमाणेच भरतीच्या पाण्याची आहे. अहमदाबादमध्ये साबरमतीवर २ जुलै २०२३ रोजी ‘अक्षर’ ही भोजन नौका सुरू झाली. तेथे वर्षभर दिसणारे पाणी नर्मदेच्या कालव्यातून आणून वासणा बंधाऱ्याने अडवलेले आहे. थोडक्यात, अशी नौका चालण्यास नदी खाडीची तरी असावी लागते किंवा तिच्यात पाणी साठवून तरी ठेवावे लागते.

महाराष्ट्राच्या पठारी भागाची स्थिती यावरून स्पष्ट होते. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मि.मी. पाऊस पडतो, तर मराठवाड्यातील जालना जिल्ह्यात तो ७०० मि.मी.च्या आसपास असतो. जालना शहरातून वाहणारी कुंडलिका दुधनेला, दुधना पूर्णेला आणि पूर्णा गोदावरीला मिळते. पावसाळा सरला की कुंडलिकेचा प्रवाह आटत जातो. निजाम राजवटीत तिच्यावर बांधलेला घाणेवाडी तलाव शहराला पाणी पुरवत आला आहे. या तलावातील गाळ लोकसहभागातून काढून शेतांत टाकण्याचे काम नागरिकांनी केले. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याने तीव्र टंचाई अनुभवली; जायकवाडी धरणातून जलवाहिनीने आणलेले पाणी हा आता शहराचा मोठा आधार आहे. जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहणारी गोदावरी मोठी असली तरी तिचे पाणी पैठणच्या धरणात व पुढील बंधाऱ्यांत अडवलेले असते. अशा प्रदेशात साठलेल्या पाण्यावर पहिला हक्क पिण्याचा व शेतीचा ठरतो. म्हणून महाराष्ट्रात नौकाविहार बव्हंशी धरणांच्या जलाशयांत, जसे नाशिकजवळील गंगापूर धरणात, किंवा वाशिष्ठीसारख्या कोकणातील खाड्यांत चालतो.

मांडवीवरील विहार पाहताना हा फरक लक्षात घेण्याजोगा आहे. पणजीच्या धक्क्यावर दिसणारे पाणी विपुल असले तरी त्यातील गोड्या पाण्याचा अंश मर्यादित आहे आणि त्यावर तीन राज्यांचा दावा आहे.

## हेही पहा

* म्हादई जलविवाद
* पणजी
* चोडण
* घुमट
* कुंडलिका नदी (जालना)
* राष्ट्रीय जलमार्ग